ईदच्या आधी घर रंगवताय? आधी भिंतीची ओल शोधा

शाबान महिना लागला की आपल्याकडे घराघरात एक विषय हमखास निघतो. "या वर्षी तरी हॉलला रंग काढायचा का?" अम्मी म्हणते काढू या, अब्बा खर्चाचा हिशेब मांडतात, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "रंगारी कशाला? आपणच रविवारी बसून करू." विचार चांगलाच आहे. रंगकामात मजुरीचा वाटा मोठा असतो, आणि एक-दोन खोल्यांचं काम घरातल्या दोन-तीन माणसांना नक्की जमतं. पण रंग फासणं हा या कामाचा शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग आहे. घर बिघडतं ते त्याच्या आधीच्या कामात घाई केल्यामुळे.

आमच्याच घरचं सांगतो. बहिणीच्या लग्नाच्या आधी आम्ही हॉल आणि आतली खोली रंगवून घेतली. आतल्या खोलीच्या एका भिंतीला पापुद्रे सुटत होते. रंगारी म्हणाला, "वॉटरप्रूफ पुट्टी मारतो, दहा वर्षं बघायला नको." लग्न एप्रिलमध्ये झालं. जुलैत त्याच भिंतीचा रंग हाताएवढ्या तुकड्यांनी गळून पडला, मागे काळी बुरशी. अब्बांचा पलंग त्याच भिंतीला लागून होता. त्यांना दम्याचा त्रास, त्या पावसाळ्यात तो इतका वाढला की पलंग हॉलमध्ये आणावा लागला. पाणी वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून येत होतं. ते बंद केल्याशिवाय त्या भिंतीवर कितीही महागाचा रंग लावला असता तरी टिकला नसता. त्या वेळी हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणून हा लेख.

ओल कुठून येते ते ओळखा

भिंत ओली आहे एवढं कळून उपयोग नाही, पाणी कुठून येतं ते कळायला हवं. त्यासाठी ओल कुठे आणि केव्हा दिसते ते बघा.

छताला किंवा भिंतीच्या वरच्या भागाला ओल दिसते आणि ती फक्त पावसातच वाढते, तर वर गच्ची असेल तिथून किंवा बाहेरच्या भिंतीच्या तड्यातून पाणी येतंय. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत ओल असेल तर खिडकीच्या चौकटीभोवतीचा सांधा फुटलेला असतो.

डाग वर्षभर असतो, उन्हाळ्यातही सुकत नाही, तर पाइप बघा. इथे एक सोपा फरक लक्षात ठेवा. पाणीपुरवठ्याचा पाइप गळत असेल तर डाग दिवस-रात्र ओलाच राहतो. सांडपाण्याचा पाइप किंवा बाथरूमची फरशी गळत असेल तर कुणी आंघोळ केल्यानंतर, कपडे धुतल्यानंतर डाग वाढतो आणि घरातली माणसं गावी गेली की सुकतो.

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल आहे, वर पांढरी पूड सुटते, हात लावला की गिलावा भुरभुर खाली येतो, ही जमिनीतून वर चढणारी ओल. याला आपल्याकडे भिंतीला लोणा लागला म्हणतात. तळमजल्यावरची घरं, जुन्या वाड्या, कोकणातली चिऱ्याची घरं यांत हे नेहमी दिसतं. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं, सोबत क्षार आणतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो आणि फुलून गिलावा ढकलतो.

चौथा प्रकार फसवा आहे. स्वयंपाकघरात, बाथरूमच्या बाहेर, कपाटामागे बुरशी येते, पण भिंतीत पाणी नसतंच. घरातली वाफ गार भिंतीवर बसते, हवा खेळत नाही, म्हणून बुरशी धरते. यावर उपाय म्हणजे खिडकी उघडणं, एक्झॉस्ट पंखा लावणं आणि कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे घेणं.

शंका असेल तर प्लास्टिकची परीक्षा करा. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा डाग असलेल्या जागी लावा आणि चारही बाजू चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी काढून बघा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ती हवेतली वाफ आहे. खर्च शून्य, पण हजारो रुपयांची चूक टळते.

वरच्या बाथरूमची शंका असेल तर

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी हा सगळ्यात नाजूक विषय. वरच्या घरी जाऊन "तुमच्यामुळे आमचं घर खराब झालं" म्हटलं की दार बंद होतं. आम्हीही पहिल्यांदा तेच केलं. दुसऱ्यांदा अम्मी गेली, वरच्या भाभींना खाली बोलावलं, चहा दिला आणि अब्बांच्या खोलीतली भिंत दाखवली. मग गोष्ट पुढे सरकली.

चाचणी अशी करा. वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतली मोरीची जाळी, कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करायची. फरशीवर साधारण एक इंच पाणी साठवायचं आणि शक्य असेल तर चोवीस तास तसंच ठेवायचं. खाली डाग वाढला तर दोष फरशीत किंवा फरशी आणि भिंतीच्या सांध्यात. डाग वाढला नाही, पण ट्रॅप उघडून पाणी सोडल्यावर वाढला, तर दोष ट्रॅपच्या किंवा पाइपच्या जोडात. यामुळे सगळी फरशी फोडायची की फक्त ट्रॅपचा सांधा भरायचा, हे आधी कळतं. आमच्याकडे दोष ट्रॅपच्या सांध्यात आणि फरशीच्या फटींत निघाला. प्लंबरने ट्रॅपभोवती भरून घेतलं, टाइल्सच्या फटींत नवं ग्राउट भरलं, आणि काम दोन दिवसांत झालं.

खर्च कुणी करायचा? महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. घरातल्या संडास, सिंक वगैरेंच्या आतल्या गळतीची जबाबदारी त्या सभासदाची. म्हणून सोसायटीला लेखी अर्ज द्या, डागाचे फोटो तारखेसह जोडा आणि अर्जाची पोच घ्या. शेजाऱ्याशी गोडीनेच बोला, पण कागदही तयार ठेवा.

काम काढायची योग्य वेळ

इथे आपल्या लोकांची नेहमीची चूक होते. शब-ए-बरात झाली की काम काढायचं आणि रमजानच्या आधी आटपायचं. म्हणजे हातात उरतात पंधरा दिवस. भिंत सुकी असेल तर एवढे दिवस भरपूर झाले. भिंत ओली असेल तर पाणी बंद केल्यानंतरही ती लगेच सुकत नाही. जाड विटांच्या भिंतीला इंचाला एक महिना असा ढोबळ हिशेब धरतात. वरवर कोरडी दिसते, आत पाणी असतं. त्यावर पुट्टी मारली की पुढच्या मोसमात पुन्हा तेच.

सध्या काही वर्षं ईदुल फित्र फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येते, ही आपल्यासाठी चांगली गोष्ट आहे. २०१५ आणि २०१६ साली ईद जुलैत, ऐन पावसात आली होती, तेव्हा रंग सुकवणं म्हणजे डोकेदुखी होती. आता वर्षाचं वेळापत्रक सरळ लावता येतं. पावसाळ्यात ओल कुठे येते त्याचे फोटो काढून ठेवा, कारण दोष तेव्हाच नीट दिसतो. पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळतीची दुरुस्ती करा. हिवाळाभर भिंत सुकू द्या, त्या खोलीत पंखा चालू ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत प्लास्टिकची परीक्षा पुन्हा करा. कोरडी निघाली की रंगाचा डबा आणा.

यंदा भिंत सुकली नसेल तर बाकीच्या तीन भिंती रंगवा आणि ओली भिंत खरवडून तशीच मोकळी सोडा. ईदला आलेले पाहुणे एका भिंतीकडे बघून काही म्हणणार नाहीत. म्हटलंच तर सांगा, काम चालू आहे.

झाकू नका

ओल्या भिंतीवर पीव्हीसीचे पॅनेल, वॉलपेपर किंवा ऑइल पेंट लावायची आता फॅशन झाली आहे. दुकानदारही सांगतात, "ओल दिसणारच नाही." बरोबर आहे, ती दिसणार नाही, पण मागे वाढत राहील. पाण्याला खोलीत उडून जायची वाट बंद झाली की ते आणखी वर चढतं. पॅनेलच्या मागे बुरशी, झुरळं, कुबट वास असा सगळा संसार तयार होतो. घरात दमेकरी, म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर हा धोका घेऊ नका.

जमिनीतून चढणाऱ्या ओलीसाठी आधी बाहेर बघा. कोकणातल्या घरांभोवती वर्षानुवर्षं माती साठत जाते आणि जोतं अर्धं बुजून जातं. ती माती काढून जोतं मोकळं करा. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी पडत असेल तर पन्हळ लावून ते लांब सोडा. घराभोवतीची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा. एवढ्याने बऱ्याच घरांची ओल निम्म्यावर येते.

आणि अशा जुन्या, चुन्याच्या गिलाव्याच्या भिंतींना चुनाच लावा. दादी-नानींच्या काळी दर वर्षी चुना काढायचे, ते उगाच नाही. चुन्यातून भिंत श्वास घेते, आतला ओलावा बाहेर पडतो. प्लास्टिकसारखा थर देणारे रंग तो अडवतात. जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल तिथून सरकते आणि वर नव्या जागी निघते. चुना हवा तेवढा पांढरा दिसावा म्हणून थोडी नीळ आणि हाताला लागू नये म्हणून डिंक घालायची पद्धत आहे. मात्र कळीच्या चुन्यापासून जपा. त्यात पाणी पडलं की तो उकळतो आणि उडतो. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. शक्यतो आधीच भिजवलेला तयार चुना आणा. घरीच भिजवायचा असेल तर चुन्यावर पाणी ओतू नका, पाण्यात थोडा थोडा चुना सोडा, तोही लोखंडी भांड्यात, अंगणात, मुलांना लांब ठेवून. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे हवेतच. डोळ्यात गेलाच तर वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

कुठे हात लावायचा नाही

आपण करू शकतो ते काम वेगळं आणि जाणकारालाच बोलवायचं ते वेगळं. ही रेषा आधीच आखून घ्या.

केसासारख्या बारीक भेगा घरी भरता येतात. पण बीमला किंवा खांबाला लांब तडा गेला असेल, स्लॅबचे पोपडे पडून गंजलेली सळई दिसत असेल, तर पुट्टीने झाकू नका. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा. मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करणं पालिकेच्या कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या इमारतीचं झालंय का, कमिटीला विचारा.

दाराच्या-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका जाणारा तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत तडा खुणेच्या पुढे गेला तर इंजिनिअरला दाखवा. मराठवाड्यात आणि विदर्भात काळ्या मातीवर बांधलेल्या घरांत माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. त्यामुळे तडे वर्षभर उघडमीट करतात. अशा तड्यात कडक सिमेंट भरलं की ते पुन्हा फुटतं. तिथे थोडा ताण सहन करणारा क्रॅक फिलर वापरा.

भिंत फोडून खोली मोठी करणं, बाथरूमची जागा बदलणं, बाल्कनी आत घेणं ही कामं स्वतःच्या मनाने करू नका. कुठली भिंत भार घेते ते बघून कळत नाही. सोसायटीची आणि पालिकेची परवानगी लागते ती याचसाठी.

आणि वीज. ओल स्विचबोर्डाजवळ असेल, बोर्डाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर रंगकाम राहू द्या, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. बाकी भिंतींवरही बोर्डाभोवती खरवडताना, पाणी मारताना, पुट्टी लावताना त्या खोलीचा एमसीबी खाली करा.

खरवडणं: कंटाळवाणं, पण सगळं त्यावरच

खोलीतलं सामान मधोमध आणा, जुन्या चादरी टाका. बुरशी असेल तर आधी साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसून काढा, कोरडी झाडू नका, कारण ती हवेत उडते. तोंडाला एन-९५ मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा, दमेकरी माणसाला त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवा. ब्लीच वापरायचंच असेल तर त्यात टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

लोण्याची पांढरी पूड मात्र पाण्याने धुऊ नका. क्षार पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो. कोरड्या ताठ ब्रशने झाडून गोळा करा आणि बाहेर टाका. आठ दिवसांनी पुन्हा आला तर पुन्हा झाडा.

मग पत्तीने सुटलेला सगळा रंग खरवडा. नियम सोपा आहे. पत्तीने जे निघतंय ते सगळं काढायचं, जे घट्ट बसलंय ते ठेवायचं. बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तिथला गिलावाही सुटलेला आहे. तो काढून नव्याने भरावा लागेल. नवा सिमेंटचा गिलावा केला तर त्यावर आठवडाभर पाणी मारा आणि मग नीट सुकू द्या, निदान महिनाभर त्यावर रंग नको.

जुन्या दारं-खिडक्यांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. भारतात घरगुती रंगांमध्ये शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरली. नियम २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या दाराच्या, ग्रिलच्या थरात शिसं असू शकतं. ते कोरडं घासलं की धूळ होते, ती मुलांच्या हातातून तोंडात जाते. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करतं आणि गरोदर बाईच्या बाळालाही. म्हणून जुनं ऑइल पेंट कधीही कोरडं घासू नका, जाळून काढू नका. पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने घासा. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी घरात नकोत. निघालेले तुकडे पिशवीत बांधून टाका, फरशी ओल्या फडक्याने पुसा, कामाचे कपडे वेगळे धुवा. रंग घट्ट बसलेला असेल तर खरवडूच नका, वरून हलकं ओलं घासून नवा हात द्या.

पुट्टी आणि प्रायमर

पुट्टी दोन प्रकारची. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पावडरमध्ये येते, ४० किलोच्या गोणीत किंवा लहान पिशवीत. ॲक्रिलिक पुट्टी डब्यात तयार मिळते. ॲक्रिलिक पुट्टी घरातल्या कोरड्या भिंतीवरच्या लहानसहान खड्ड्यांसाठी ठीक. बाथरूमजवळची, बाहेरची भिंत असेल तर सिमेंटची पुट्टी घ्या.

सिमेंटची पुट्टी लावायच्या आधी भिंत हलकी ओली करा, नाही तर कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी शोषून घेते आणि पुट्टी भुकटीसारखी सुटते. पाणी किती घालायचं ते पिशवीवर लिहिलेलं असतं, तेवढंच घाला. एका वेळी दोन-अडीच तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट झालेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालून वापरू नका, ती धरत नाही. पातळ थर लावा, सुकू द्या, मग दुसरा. एकाच जाड थराला तडे जातात. शेवटी बारीक पॉलिश पेपरने घासा. रात्री ट्यूबलाइट बंद करून मोबाइलची बॅटरी भिंतीला लागून आडवी धरा, प्रत्येक खड्डा आणि उंचवटा सावलीने दिसेल.

घासल्यानंतर भिंतीवरची धूळ पुसल्याशिवाय प्रायमर लावू नका. लोक प्रायमर वाचवायला बघतात आणि मग दुप्पट रंग लागतो. भिंत रंग पिऊन टाकते आणि ठिपके-ठिपके दिसते. प्रायमरचा एक हात पुरतो, जुनी शोषणारी भिंत असेल तर दोन.

रंग किती लागेल?

दुकानात जाण्याआधी मोजमाप करा. समजा खोली १० बाय १२ फुटांची, उंची ९ फूट. चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, गुणिले ९, म्हणजे ३९६ चौरस फूट. त्यातून ७ बाय ३ चं दार (२१) आणि ४ बाय ४ ची खिडकी (१६) वजा करा, उरतात ३५९. म्हणजे भिंती ३६० चौरस फूट धरा आणि छत वेगळं, १२० चौरस फूट.

आता डब्यावर दोन हातांना लिटरमागे किती चौरस फूट लिहिलंय ते बघा. समजा १०० लिहिलंय. तो आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो. जुन्या घराच्या भिंतीला ८० धरा. ३६० भागिले ८०, म्हणजे साडेचार लिटर. थोडा जास्तच घ्या, कारण नंतर कमी पडला तर तीच छटा पुन्हा तंतोतंत मिळेलच असं नाही. एकाच छटेचे दोन डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र करून मग वापरा.

छटा दुकानातल्या कार्डावरून ठरवू नका. लहान डबा आणून भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवा. दुपारी बघा आणि रात्री ट्यूबखाली बघा. दुकानात मलई वाटणारा रंग घरी पिवळा दिसतो. लहान, कमी उजेडाच्या खोलीला फिका रंग आणि पांढरं छत बरं.

रंग लावायचा क्रम

आधी छत, मग भिंती, मग दारं-खिडक्या. वरून खाली, म्हणजे वरचे थेंब खाली पडले तरी चालतात. कडा, कोपरे आणि बोर्डाभोवती आधी ब्रशने रंगवा, मग लगेच रोलर फिरवा. रोलर पहिल्यांदा वापरण्याआधी त्याला चिकटपट्टी गुंडाळून ओढून काढा, सुटे धागे निघून जातात. एक भिंत मध्येच सोडून जेवायला उठू नका. अर्धी सुकलेली कड नंतर पट्ट्यासारखी दिसते. दोन हातांच्या मध्ये डब्यावर लिहिलेले तास जाऊ द्या.

शिडीचं काम रोजे सुरू व्हायच्या आधीच संपवा. उपाशीपोटी, रंगाच्या वासात, छताकडे मान वर करून उभं राहिलं की चक्कर येते. रोज्यात करायचंच असेल तर जमिनीवर उभं राहून होणारी कामं करा, आणि इफ्तारनंतर खिडक्या उघड्या ठेवून. शिडी कुणीतरी धरलेली हवी. खुर्चीवर स्टूल ठेवून चढायचा प्रकार तर नकोच.

दोन माणसांना एका कोरड्या खोलीला पाच दिवस लागतात. पहिल्या दिवशी सामान हलवणं आणि खरवडणं, दुसऱ्या दिवशी पुट्टी, तिसऱ्या दिवशी घासणं आणि प्रायमर, चौथ्या दिवशी छत आणि पहिला हात, पाचव्या दिवशी दुसरा हात आणि दारं.

सजावट शेवटी

भिंत तयार झाली की सजावटीला फार खर्च लागत नाही. जाड कागदावर कोनांची नक्षी कापून स्टेन्सिल तयार करता येतो आणि एका भिंतीला कडेने पट्टा काढता येतो. स्टेन्सिलला ब्रश जवळजवळ कोरडाच वापरा, नाही तर रंग खाली उतरतो. मुलांना हे काम खूप आवडतं.

आयतांच्या किंवा इतर फ्रेम्स बाहेरच्या, ओलीची शंका असलेल्या भिंतीवर लावू नका. आत कागदाला डाग पडतात. दुसरी जागा नसेल तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे लहान तुकडे चिकटवा, मागून हवा खेळते. ड्रिल करताना स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायरी बहुतेक तिथूनच जातात. पलंग, सोफा, कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका.

आमच्या घरी वरचं काम झाल्यावर भिंत खरवडून पाच महिने उघडी ठेवली. दिसायला वाईट दिसायची. अम्मीने तिच्यापुढे पडदा लावला होता. दुसऱ्या वर्षी आम्ही दोघा भावांनीच ती रंगवली, साध्या इमल्शनने. त्यानंतर दोन पावसाळे गेले, डाग आला नाही. अब्बांचा पलंग पुन्हा आत आहे, भिंतीपासून चार बोटं पुढे.

थोडक्यात सांगायचं तर रंगाच्या डब्यावर पैसे घालण्याआधी प्लास्टिकचा एक तुकडा आणि चिकटपट्टी आणा. भिंत काय सांगते ते दोन दिवस थांबून ऐका. पाणी बंद करा, भिंत सुकू द्या, मग रंगवा. एवढा क्रम पाळला तर घरच्या माणसांनी केलेलं काम पुढच्या अनेक ईदला टिकेल, इन्शाअल्लाह.